घराचे वर्षाचे खर्च महिन्यांत वाटून टाका

गृहकर्जाचा हप्ता आणि मेंटेनन्स धरून बजेट बसवलं, तरी एप्रिल-मे आला की मिळकतकर आणि सोसायटीच्या टँकरची जादा वर्गणी एकदम अंगावर येते.

१. मिळकतकर, टँकर, घराचा विमा, वॉटर प्युरिफायरची सर्व्हिसिंग, नळ-गीझरची दुरुस्ती: गेल्या वर्षीच्या पावत्या काढून बेरीज करा.
२. बाराने भागा. समजा ३६,००० आले, तर महिना ३,०००.
३. पगार झाला की तेवढी रक्कम वेगळ्या बचत खात्यात आपोआप वळती होऊ द्या. आरडी नको, पैसे अधेमधे लागतातच.

मुदतीत कर भरला की पुणे महापालिका सर्वसाधारण करात सूट देते, तीही पदरात पडते. मात्र स्वतः राहत असाल, तर बिलात ४० टक्के सवलत लागली आहे का, हे भरण्याआधी बघा. नसेल तर पीटी-३ अर्ज करावा लागतो.