वर्ड प्रोसेसरमधील मराठी फॉन्ट आणि शुद्धलेखन तपासणी: विंडोज, मॅक आणि लिनक्सवर एकसारखी कशी ठेवावी

घरच्या लिनक्स संगणकावर चार पानांत नेटकी बसवलेली प्रश्नपत्रिका मी नागपुरातील महाल भागातल्या एका छापखान्यात नेली, तेव्हा तिथल्या विंडोजवर ती पाचव्या पानावर गेली, आणि 'नागपूर' हा शब्द मान्य करणाऱ्या तपासणीने 'नागपुरात' या शब्दाखाली लाल रेघ ओढली. माझी फाइल फॉन्ट आणि शुद्धलेखनाचा कोश (बरोबर शब्दांची यादी) दोन्ही त्या त्या यंत्राकडून उसने घेत होती. हे उसनेपण काढून टाकणे हाच वर्ड प्रोसेसर बनवणाऱ्याच्या आराखड्याचा गाभा असावा.

सुरुवात भाषेच्या खुणेपासून करावी. प्रत्येक परिच्छेदाची, आणि त्यात दुसऱ्या भाषेतला मजकूर आला तर तेवढ्या भागाची, भाषा फाइलमध्येच नोंदवावी. नागपुरात एकाच अर्जात मराठी आणि हिंदी शेजारी शेजारी येतात. लिपी एकच असल्याने केवळ अक्षरांवरून भाषा ठरवता येत नाही. ओपनटाइप या आजच्या प्रचलित स्वरूपातल्या फॉन्टमध्ये ल आणि श यांची मराठी वळणे असतील तर ती याच खुणेवरून निवडली जातात आणि कोणता कोश उघडायचा तेही हीच खूण सांगते.

जोडाक्षरांची मांडणी विंडोजवर डायरेक्टराइटकडे आणि मॅकवर कोअर टेक्स्टकडे, म्हणजे त्या त्या प्रणालीच्या स्वतःच्या अक्षरमांडणी यंत्रणेकडे, सोपवण्यापेक्षा तिन्ही ठिकाणी हार्फबझ ही खुली अक्षरमांडणी यंत्रणा वापरावी. विंडोजचा मंगल किंवा मॅकचा कोहिनूर फॉन्ट सर्वत्र असेल असे गृहीत न धरता नोटो सॅन्स देवनागरी किंवा मुक्ता असा खुल्या परवान्याचा फॉन्ट प्रोग्रामसोबतच द्यावा, म्हणजे ओळी सगळीकडे त्याच जागी तुटतील. पर्यायी फॉन्ट घेताना मात्रेसह पूर्ण अक्षर एकाच फॉन्टमधून घ्यावे, नाहीतर मात्रा सुटून ठिपक्यांच्या वर्तुळावर बसते.

तपासणीसाठी तिन्ही प्रणालींवर हनस्पेल हा खुला शुद्धलेखन तपासक आणि एकच कोश ठेवावा. मात्र कोशात शोधण्याआधी शब्द एका साच्यात आणावा लागतो. 'ॲप' मधला पहिला वर्ण कोणी यू+०९७२ (युनिकोडमधला त्या वर्णाचा क्रमांक) असा एकसंध टंकतो, तर कोणी 'अ' ला वेगळी अर्धचंद्राची खूण जोडतो. 'दऱ्या' मधला अर्धा र सुद्धा 'ऱ' ला हलन्त देऊन किंवा 'र' नंतर हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह टाकून लिहिला जातो. युनिकोडचे प्रमाणित सामान्यीकरण, म्हणजे एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या लेखनांना एकरूप करण्याची पद्धत, या जोड्यांना समान मानत नाही, म्हणून त्यांचा तक्ता आपणच हनस्पेलच्या रूपांतर सूचीत द्यावा. हा बदल केवळ शोधापुरत्या प्रतीत करावा, लेखकाच्या मजकुराला हात लावू नये.

खरी मेहनत प्रत्ययांची आहे, आणि तिथे घाई करू नये असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या नियमांनुसार ग्रामनामातला 'पूर' दीर्घ लिहावा, पण सामान्यरूपात तो उकार ऱ्हस्व होतो. म्हणून 'ूर' काढून 'ुरा' जोडणारा नियम हवा. हाच नियम 'मयूर' ला लावला तर चूक होईल, कारण तत्सम शब्दाचा ऊकार 'मयूराचा' या रूपातही दीर्घच राहतो. शेवट सारखा असला तरी असे शब्द वेगळ्या गटांत ठेवावेत. नुसते 'नागपुरा' बरोबर ठरू नये म्हणून त्या रूपाला प्रत्ययाशिवाय अपूर्ण असल्याचा झेंडा (कोशातली खूण) लावावा. हनस्पेल प्रत्ययांचे दोनच थर सोलतो, त्यामुळे 'नागपुरातल्यांसाठी' अशा लांब रूपांत 'तल्यांसाठी' हा एकच प्रत्यय म्हणून नोंदवावा लागतो.

वापरणाऱ्याने स्वतः शिकवलेले शब्द, उदाहरणार्थ सीताबर्डी किंवा हिंगणा, साध्या यूटीएफ-८ (युनिकोड अक्षरे साठवण्याची सर्वमान्य पद्धत) फाइलमध्ये ठेवावेत आणि ती फाइल एका संगणकावरून दुसऱ्यावर नेण्याची सोय मेनूमध्येच द्यावी. शेवटी एकच चाचणी फाइल तिन्ही प्रणालींवर उघडून पानांची संख्या, प्रत्येक ओळीचा शेवट आणि लाल रेघांची यादी शब्दागणिक ताडून पाहावी.