रात्री भरलेली टाकी सकाळी निम्मी: गळती फ्लशमध्ये निघाली

रात्री काठोकाठ भरलेली गच्चीवरची टाकी सकाळी निम्मी. नळांचे वॉशर बदलले, टाकीचा बॉलकॉकही (टाकी भरली की पाणी बंद करणारा तरंगत्या गोळ्याचा नळ) बदलला, फरक शून्य. दोन महिने जीव वैतागून गेला.

शेवटी फ्लशच्या टाकीत जिलेबीचा केशरी रंग चिमूटभर टाकला आणि अर्धा तास फ्लश केला नाही. कमोडच्या भांड्यात बारीक केशरी ओघळ उतरला! मग अँगल कॉक (फ्लशच्या टाकीला पाणी देणारा भिंतीवरचा छोटा नळ) बंद केला, फ्लश करून टाकी रिकामी केली, मधला व्हॉल्व्ह पाव फेरा डावीकडे फिरवून उचलला. खालच्या रबरी वॉशरवर बोअरच्या पाण्याचा पांढरा, खरखरीत क्षार. वॉशर बसतो ती कड व्हिनेगरच्या फडक्याने गुळगुळीत होईपर्यंत पुसली (हे टाळू नका, नवा वॉशरही गळेल), मग त्याच मापाचा वॉशर घातला. पुन्हा रंग टाकला. भांड्यातलं पाणी स्वच्छ.