धातू-प्रतिरोधक जिवाणू शोधताना या चुका टाळा

एमआयडीसीजवळच्या नाल्याकाठची माती आणायची, कॅडमियम किंवा शिसे घातलेल्या प्लेटवर पसरायची आणि ज्या वसाहती वाढतील त्यांना 'प्रतिरोधक' म्हणायचे. एम.एस्सी. मायक्रोबायोलॉजीच्या कितीतरी प्रोजेक्टांचा हा ठरलेला क्रम आहे. विषय मोलाचा आहे, मुलांची मेहनतही खरी असते. पण धातू जिवाणूपर्यंत पोचला होता का, हे तपासायचे राहून जाते आणि मग सगळा निष्कर्षच डळमळतो.

न्यूट्रिअंट अगारवर भिस्त ठेवणे

सर्वांत महागात पडते ते हेच. या मिडियममधले (जिवाणू वाढवायच्या पोषक मिश्रणातले) पेप्टोन आणि यीस्ट एक्स्ट्रॅक्ट धातूंचे आयन धरून ठेवतात. फॉस्फेट तर त्याहून वाईट. फॉस्फेट असलेल्या मिडियममध्ये लेड नायट्रेटचे द्रावण ओतून बघा: फ्लास्क लगेच दुधाळ होतो आणि जरा वेळाने तळाशी पांढरा साका बसतो. शिसे त्या साक्यात अडकलेले असते. वहीत मात्र '१००० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम) शिसे' अशीच नोंद होते आणि जिवाणू मजेत वाढतो, कारण विरघळलेले शिसे त्याच्या वाट्याला फारसे आलेलेच नसते.

त्याऐवजी ट्रिस बफर (पीएच स्थिर ठेवणारा पदार्थ), अगदी कमी फॉस्फेट आणि कार्बनसाठी ग्लुकोनेट असलेले साधे क्षारांचे मिडियम घ्या. या क्षेत्रातला सर्वांत अभ्यासलेला जिवाणू, क्युप्रिआव्हिडस मेटॅलिड्युरन्स सीएच३४, अशाच मिडियमवर तपासला गेला. बेल्जियममधल्या एका जस्त कारखान्याच्या टाकीतल्या गाळातून तो १९७६ मध्ये मिळाला. त्याच्याकडे दोन मोठे प्लाझ्मिड (मुख्य गुणसूत्राबाहेरचे डीएनएचे वेटोळे) आहेत. त्यांपैकी एकावरची सीझेडसी जनुके अशी प्रथिने बनवतात, जी कोबाल्ट, जस्त आणि कॅडमियम पेशीतून थेट बाहेर फेकतात. तांब्यावर काम करणार असाल तर ट्रिससुद्धा थोडे तांबे धरतो, हे ध्यानात ठेवा. मिडियम कोणतेही असो, जिवाणू न घातलेला एक फ्लास्क तसाच ठेवून, गाळून, त्यातला विरघळलेला धातू मोजाच. वहीत लिहायचा आकडा तो.

धातूचा क्षार तोलला म्हणजे धातू तोलला, असे समजणे

एक लिटरमध्ये ०.१ ग्रॅम पोटॅशियम डायक्रोमेट टाकले की १०० पीपीएम क्रोमियम होत नाही, सुमारे ३५ पीपीएम होते. १०० पीपीएमसाठी ०.२८३ ग्रॅम लागते. वेगवेगळ्या धातूंची तुलना करायची असेल तर मिलिमोलर (वजनाऐवजी अणूंची संख्या धरणारे एकक) वापरा. धातू घातल्यावर पीएच पुन्हा बघा, तो बऱ्याचदा उतरतो.

क्रोमेट आणि ग्लुकोज एकत्र ऑटोक्लेव्ह करणे

ऑटोक्लेव्हच्या (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्राच्या) उष्णतेने ग्लुकोजच क्रोमेटचे क्षपण (रिडक्शन) करू लागते. पिवळा रंग फिकट होतो आणि श्रेय नंतर घातलेल्या जिवाणूला मिळते. धातूचे द्रावण ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून वेगळे निर्जंतुक करा आणि मिडियम कोमट झाल्यावर घाला. उरलेले क्रोमेट दाखवणाऱ्या डायफिनाइल कार्बाझाइडची जांभळट छटा ५४० नॅनोमीटरला वाचताना जिवाणूविरहित कंट्रोल (तुलनेचा नमुना) शेजारी हवाच.

'जिवाणू धातू खातो' असे लिहिणे

धातू हे मूलद्रव्य आहे, ते संपत नाही. जिवाणू फक्त त्याची जागा किंवा त्याचे रूप बदलतो. आर्सेनेटचे तो आधी आर्सेनाइट करतो, जे खरे तर जास्त विषारी असते, आणि मग ते बाहेर ढकलतो. मेर (पारा-प्रतिरोधाची) जनुके असलेला जिवाणू पाऱ्याच्या आयनाचा मूलद्रव्य पारा करतो आणि तो वाफ होऊन उडून जातो. काही जण धातू पेशीभित्तिकेवरच अडकवून ठेवतात.

यातून एक गोष्ट निघते, जी प्रोजेक्टांमध्ये हमखास निसटते. धातू बाहेर फेकून तगणारा जिवाणू पक्का प्रतिरोधक असेल, पण धातू पाण्यातच राहिला, तर माती-पाणी साफ करायला तो कदाचित निरुपयोगी ठरेल. उलट, उष्णतेने मारलेल्या पेशीसुद्धा पुष्कळ धातू शोषतात. म्हणून मेलेल्या पेशींचा कंट्रोल नसेल तर 'जिवाणूने ७० टक्के कॅडमियम काढले' या वाक्याला काही अर्थ उरत नाही.

थेट शेतात सोडण्याची शिफारस करणे

धातू आणि अँटिबायोटिक यांच्या प्रतिरोधाची जनुके पुष्कळदा एकाच प्लाझ्मिडवर किंवा ट्रान्सपोझॉनवर (जागा बदलणाऱ्या डीएनएच्या तुकड्यावर) असतात. टीएन२१ या ट्रान्सपोझॉनवर पारा-प्रतिरोधाच्या जनुकांसोबत अँटिबायोटिक प्रतिरोधाचीही जनुके आहेत. म्हणजे नुसत्या धातूच्या प्रदूषणानेही अँटिबायोटिकला न जुमानणारे जिवाणू टिकून राहतात. अँटिबायोटिक डिस्कची चाचणी आधी करा, शेताचे नंतर बोला. धातूविना वारंवार सबकल्चर केल्यास (ताज्या मिडियममध्ये पुन्हा वाढवल्यास) प्लाझ्मिड हरवू शकतो, म्हणून साठवलेला स्ट्रेन पुन्हा काढल्यावर त्याचा प्रतिरोध नव्याने तपासा.

आणि पाऱ्याच्या प्लेट ऑटोक्लेव्हमध्ये कधीच टाकू नका. खोलीभर पाऱ्याची वाफ होते आणि ती श्वासातून थेट फुप्फुसात जाते. त्या वेगळ्या, घट्ट झाकणाच्या, लेबल लावलेल्या डब्यात ठेवून घातक कचरा म्हणूनच द्या. कॅडमियम, शिसे आणि क्रोमेटची द्रावणेसुद्धा बेसिनमध्ये ओतायची नाहीत.