तरुणांसाठी संगीताचं मासिक काढताय? पानावरच्या या चुका टाळा

नाशिकमध्ये स्वतःची गाणी करणाऱ्या मुलामुलींसाठी छोटं छापील मासिक काढायचं ठरलं, की पहिल्या डमीत (नमुना अंकात) बहुतेक वेळा सारखंच चित्र दिसतं: पाच फॉन्ट, काळी पार्श्वभूमी, तिरकी शीर्षकं आणि मजकुराखाली पसरलेला फोटो. तरुण म्हणजे भडक, असं धरूनच काम सुरू झालेलं असतं. पण भडक आणि हलतं चित्र त्याला मोबाइलवर दिवसभर दिसतंच. छापील अंक तो हातात घेतो ते निवांत वाचायला. म्हणून पानाची कामं दोनच: मजकूर वाचता यावा आणि तिथून लगेच गाण्यापर्यंत पोचता यावं.

पहिली चूक सॉफ्टवेअर उघडण्याआधीच होते. ‘वयोगट १५ ते ३५’ असं लिहिलं म्हणजे कोणासाठी लिहितोय तेच ठरलेलं नाही. कॉलेज रोडवर क्लासला येणारी बारावीची मुलगी आणि अंबडच्या कारखान्यात शिफ्ट करून रात्री गिटार वाजवणारा तिशीतला माणूस यांचा खिसा वेगळा, वाचण्याची वेळ वेगळी. १७ ते २२ ठरवलंत तर ए-५ आकार (१४८ × २१० मिमी), २४ किंवा २८ पानं आणि दीड-दोन पानांपेक्षा मोठा नसलेला लेख हे आपोआप ठरत जातं.

देवनागरी इंग्रजीसारखी वागत नाही

सगळ्यात जास्त अंक इथेच बिघडतात. इंग्रजी मासिकाचा नमुना समोर ठेवून अक्षर ९ पॉइंटचं आणि ओळीचं अंतर ११ पॉइंट ठेवलं, तर वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीची वेलांटी एकमेकांना भिडतात. मजकूर १०.५ ते ११ पॉइंट आणि ओळीचं अंतर त्याच्या दीडपट, म्हणजे १५.७५ ते १६.५ ठेवा. शीर्षकात अक्षरं लांब-लांब करण्याचा मोह टाळा. ट्रॅकिंग (अक्षरांमधलं अंतर) वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्दाची सुटी अक्षरं उरतात. मोकळेपणा हवा असेल तर अक्षरांमधली नाही, शब्दांमधली जागा वाढवा.

इनडिझाइन या पानं लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये मजकूर टाकल्यावर पहिली वेलांटी अक्षराच्या आधी न येता नंतर आली किंवा जोडाक्षरं हलंत दाखवू लागली, तर दोष बहुधा फॉन्टचा नसतो. पॅरेग्राफच्या मेनूत ‘वर्ल्ड-रेडी पॅरेग्राफ कंपोजर’ निवडा आणि भाषा मराठी करा. काही फॉन्टमध्ये भाषा हिंदी राहिली तर ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे येतात. वाचकाला नेमकं काय खटकतंय ते सांगता येत नाही, पण खटकतं. फॉन्ट पक्का करण्यापूर्वी ‘सुऱ्या, तऱ्हा, ॲल्बम, ऑडिओ, ड्रमर्स’ एवढे शब्द टाइप करून बघा. लेखकाकडून जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधली फाइल आली असेल तर आधी कन्व्हर्टरमधून काढा आणि नंतर मूळ प्रतीशी ताडून वाचा; र-कार आणि जोडाक्षरं हमखास गळतात.

दोन फॉन्ट पुरतात. मुक्त किंवा हिंदसारखा साधा फॉन्ट मजकुराला, बलूसारखा भरदार शीर्षकाला. ए-५वर दोन कॉलम पाडून दोन्ही कडा जुळवू नका. मराठी शब्द विभक्ती लागून लांबतात, कॉलम जेमतेम ५८ मिमीचा असतो, आणि ओळींत पांढऱ्या भेगा पडतात. डावी कडा जुळवा, उजवी मोकळी सोडा.

गाण्याचे शब्द छापताना मात्र हात आखडता घ्या. बागलाण-मालेगावकडचा रॅपर अहिराणीत लिहीत असेल तर त्याचं लेखन प्रमाण मराठीत ‘सुधारू’ नका; मुद्रितशोधन त्याच्यासोबत बसूनच करा. त्या शब्दांचा ठेका त्याच उच्चारात असतो.

अंधारातले फोटो

कार्यक्रमातले फोटो निळ्या-जांभळ्या एलईडीखाली काढलेले असतात. स्क्रीनवर चमकणारा तो निळा सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शायांत) मळकट जांभळा होतो. मॅपलिथोवर (चकाकी नसलेल्या साध्या कागदावर) शाई पसरते, त्यामुळे सावलीतला चेहरा पूर्ण बुडतो. असा फोटो कृष्णधवल करा आणि काळोखा भाग स्क्रीनवर थोडा फिकट वाटेल इतका उजळा. इन्स्टाग्रामवरून घेतलेला १०८० पिक्सेल रुंदीचा फोटो ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) जेमतेम ९ सेंटिमीटर भरतो. त्याला पूर्ण पान देऊ नका, मूळ फाइल मागा.

काळ्या पानावर पांढरा मजकूर हवाच असेल तर थोडाच ठेवा, ११ पॉइंटच्या वर आणि मीडियम जाडीत. चार शाया किंचित सरकल्या तरी बारीक मात्रा भरून जातात. पांढऱ्या कागदावरचा मजकूर फक्त काळ्या शाईत, १०० टक्के.

वाचकाला गाण्यापर्यंत नेणारा क्यूआर कोड २ सेंटिमीटरपेक्षा लहान नको, आणि त्याभोवती कोडातल्या चार बारीक चौकटींएवढी पांढरी जागा हवीच. लांबलचक लिंकमुळे चौकटी बारीक होतात आणि मंद उजेडात फोन अडतो. लिंक स्वतःच्या डोमेनवरून (वेबसाइटच्या पत्त्यावरून) वळवून द्या. गाणं दुसरीकडे हलवलं तरी छापलेला कोड चालतो. खाली गाण्याचं आणि कलाकाराचं नाव छापायला विसरू नका.

प्रेसला देण्याआधी

सेंटर पिन बाइंडिंगला (मधल्या घडीवर पिना मारलेल्या अंकाला) पानं चारच्या पटीत लागतात. ३० पानांचा मजकूर झाला तर दोन कापा किंवा दोन वाढवा. ब्लीड (कापायच्या रेषेबाहेर वाढवलेली छपाई) ३ मिमी, आणि पानाचा आकडा कडेपासून किमान ८ मिमी आत. ४८ पानांचा अंक १०० जीएसएम (चौरस मीटरला १०० ग्रॅम) कागदावर केला तर घडीमुळे आतली पानं साधारण दीड मिमी बाहेर सरकतात आणि कटिंगमध्ये तेवढी कमी होतात.

कव्हर २५० जीएसएम आर्ट कार्डचं आणि गडद रंगाचं असेल तर क्रीजिंग (घडीच्या जागी आधीच दाबून खाच पाडणं) सांगा. नाहीतर डिजिटल छपाईतला टोनर घडीवर तडकून पांढरी रेघ दिसते. कागदाचा ग्रेन (तंतूंची दिशा) अंकाच्या कण्याला समांतर हवा; आडवा आला तर अंक उघडाच राहतो, आणि जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत कडा लहरतात. शे-दोनशे प्रतींना डिजिटलच परवडतं, कारण ऑफसेटच्या प्लेटचा खर्च एवढ्याशा प्रतींवर पसरत नाही. प्रूफ (तपासणीची प्रत) ग्लॉसी कागदावर घेऊन समाधान मानू नका. ज्या मॅपलिथोवर अंक छापायचा त्याच्यावरच एक पूर्ण प्रत पिन मारून घ्या आणि तिच्यातला प्रत्येक कोड संध्याकाळच्या उजेडात दोन वेगळ्या फोनवर स्कॅन करून मगच छपाईला हो म्हणा.