थंडीत अडकलेल्या माणसांची शॉर्टफिल्म: या चुका टाळा

डिसेंबर आला की पुण्यातल्या फिल्मवेड्या पोरांना एकच गोष्ट सुचते. घाटात बंद पडलेली एसटी, कडाक्याची थंडी, टपरीच्या आडोशाला चार अनोळखी माणसं. गोष्ट वाईट नाही. एक जागा, एक रात्र, खर्च कमी. पण एडिटला आली की चुका त्याच त्या.

पहिली म्हणजे स्वेटर चढवला की थंडी झाली असं समजणं. एका ग्रुपनं जानेवारीची रात्र मे महिन्यात कोथरूडच्या फ्लॅटमध्ये शूट केली. टेकला पंखा बंद, कट म्हटलं की चालू. कानटोपीखालून घामाचे ओघळ. त्यात घाई इतकी, की रूम टोन, म्हणजे कटचे सांधे झाकायला लागणारा रिकाम्या खोलीचा आवाज, घेतलाच नाही. एका टेकमध्ये थांबत आलेल्या पंख्याची घरघर, पुढच्यात सुन्न शांतता. प्रत्येक कटला आवाज उडी मारायचा. "दादा, नॉइज रिडक्शन मारा ना!" मारलं. संवाद पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखे झाले. शेवटी सगळं डब करावं लागलं. मी पॅकअपआधी सगळ्यांना जागच्या जागी गप्प उभं करतो आणि मिनिटभर नुसता खोलीचा आवाज घेतो. लोक वैतागतात. वैतागू देत.

तोंडाची वाफ हवी असेल तर खऱ्या थंडीत पहाटे शूट करा, लाइट मागून द्या, पार्श्वभूमी काळोखी ठेवा. ॲपमधली वाफ नको. त्यापेक्षा शेकोटीजवळची जागा कोण सोडत नाही ते दाखवा. थंडीही दिसते, माणूसही.

दुसरी चूक लिहिणाऱ्यांची. तिसऱ्या मिनिटाला कुणीतरी घटस्फोटाची कहाणी सांगत रडायला लागतं. अहो, अनोळखी माणूस आधी "गाडी कधी येणार?" विचारतो, मग "कुठले तुम्ही?" पुणेकर तर तेही विचारत नाही, चौकशी खिडकीवरच्या माणसाशी वाद घालतो. मी लिहिणाऱ्यांना रात्री स्वारगेटला बसून नुसतं ऐकायला सांगतो. जातात थोडेच, बाकीचे घरी बसून रील्समधून संवाद उचलतात.

निळा फिल्टर लावून दिवसाची रात्र करू नका. माणसं शेकोटीभोवती गोल बसली की १८० अंशांची रेषा हमखास मोडते, म्हणजे कॅमेरा दोन पात्रांमधल्या काल्पनिक रेषेच्या पलीकडे जातो आणि कोण कुणाकडे बघतंय ते कळत नाही, म्हणून कॅमेऱ्याच्या जागा आधी कागदावर काढा. लाकडं दुप्पट आणा, नाहीतर एकाच संवादात ज्वाळा कमी-जास्त होत राहते. आणि एसटी स्टँडवर शूट करायचं तर महामंडळाची लेखी परवानगी काढा. "मोबाइलवरच काढतोय ना" हे तिथल्या सुरक्षारक्षकानं तुमच्याआधी पुष्कळांकडून ऐकलेलं असतं.