गोव्याहून घरी काय न्यावं: खरेदीतल्या या चुका टाळा

गोव्यातून परतणाऱ्या पाहुण्यांच्या पिशव्या बघितल्या की मला हळहळ वाटते. त्यात छापील टी-शर्ट, शिंपल्यांच्या माळा आणि आरसे लावलेल्या पर्स असतात. यातलं बरंचसं गोव्यात बनतच नाही. किनाऱ्यावरच्या स्टॉलवर राजस्थानी भरतकाम आणि काश्मिरी शाली असतात. त्या वाईट नसतात, पण गोव्याची आठवण म्हणून त्या का न्यायच्या? इथल्या घरात रोज हाताशी असणाऱ्या वस्तू त्यांच्याहून स्वस्त पडतात आणि वर्षभर उपयोगी येतात.

खरेदी बीचवर करणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक. म्हापशाचा शुक्रवारचा बाजार गाठा, आणि तोही सकाळी. गावागावांतून आलेल्या बायका आपल्या परसातला माल घेऊन बसलेल्या असतात: कोकमं, मिरच्या, माडाचा काळा गूळ, लोणच्याच्या कैऱ्या. पावसाआधी मे महिन्यात आलात तर आणखी चांगलं. तेव्हा गोवेकर पावसाळ्याची बेगमी भरतात, तिला इथं पुरुमेंत म्हणतात. मिरची घेताना काणकोणच्या बाजूची खोला मिरची विचारा; तिला 2020 मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं आहे. घासाघीस करा, पण परसातला माल विकणाऱ्या म्हातारीशी दहा रुपयांसाठी हुज्जत घालू नका.

'गोवन काजू' ही पाटी वाचून काजू घेणं

गोव्यातल्या कारखान्यांत आफ्रिकेतून आलेला कच्चा काजूही फोडला जातो. म्हणून दुकानदाराला सरळ विचारा, काजू गावठी आहे की बाहेरचा? गोव्याच्या काजूला 2023 मध्ये जीआय मिळालं आहे, तेव्हा हे विचारण्यात संकोच नको. पाकिटावर डब्ल्यू 240, डब्ल्यू 320 असे आकडे असतात, ते बघून लोक गोंधळतात. एका पाउंडात, म्हणजे सुमारे 454 ग्रॅममध्ये, साधारण किती काजूगर बसतात ते हा आकडा सांगतो. आकडा लहान तितका गर मोठा आणि भाव चढा. चवीचा त्याच्याशी काही संबंध नाही. घरी काजूकतली किंवा रस्साच करायचा असेल तर पाकळी (अर्धा झालेला गर) किंवा तुकडा घ्या, उगाच अख्ख्या गरांचे पैसे मोजू नका. सुटा काजू घेताना एक दाणा चावून बघा. तो कुरकुरीत हवा, आणि जिभेवर खवटपणा रेंगाळला तर पुढचं दुकान बघा. घाई असेल तर गोवा बागायतदारच्या दुकानात जा. ही बागायतदारांची सहकारी संस्था आहे, तिथं इथल्या बागायतींचा माल मिळतो आणि भावही ठरलेला असतो.

आगळ सरबत समजून नेणं

आगळ म्हणजे कोकमाचा मीठ घातलेला रस. तो सोलकढीसाठी असतो, त्यात साखर नसते. गोड सरबत हवं असेल तर तसं सांगून वेगळी बाटली घ्या. आगळाची सोलकढी करताना आधी चव बघा, मग मीठ घाला. सोलं, म्हणजे कोकमाच्या सुकवलेल्या साली, घेताना ती मऊ आणि गडद जांभळी बघून घ्या. वर मिठाचे पांढरे कण दिसले तर हरकत नाही, पण केसाळ बुरशी दिसली तर हात लावू नका.

मातीचं भांडं रंगावर भाळून घेणं

रंगवलेलं किंवा चकचकीत केलेलं भांडं शोभेचं. माशाच्या हुमणासाठी, म्हणजे कालवणासाठी, साधं, बिनरंगाचं भांडं घ्या. बोटाच्या पेरानं वाजवून बघा: खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर कुठंतरी तडा आहे. घरी नेल्यावर दिवसभर पाण्यात बुडवून ठेवा, मग मंद आचेवर त्यात तांदळाची पेज शिजवा. पहिल्यांदा बाहेरून ओल सुटली तर घाबरू नका, पेजेनं छिद्रं बुजतात. रिकामं भांडं मोठ्या आचेवर ठेवू नका, तापलेल्या भांड्यात गार पाणी ओतू नका. प्रवासात आतबाहेर कपडे कोंबा आणि मांडीवर घेऊन बसा.

त्याच बाजारात करवंटीची डवली, म्हणजे वाढायचा डाव, मिळते. दांडा हलवून बघा, लडबडत असेल तर दुसरी घ्या.

गोडाधोडाची गफलत

बेबिंका हा थराथरांचा गोड पदार्थ, त्यात अंड्याचा बलक असतो. घरी कुणी अंडं खात नसेल तर दोदोल किंवा खाजं न्या. दोदोल तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि माडाच्या गुळाचं. खाजं बेसनाचं, वर गूळ, आलं आणि तीळ. ते जत्रेत आणि फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, हमखास मिळतं आणि प्रवासात टिकतं.

कायद्याकडे काणाडोळा

प्रवाळ आणि समुद्रपंखे विकत घेऊ नका, वन्यजीव संरक्षण कायदा 1972 त्यांना संरक्षण देतो. फेणी सीलबंद बाटलीतलीच घ्या, बिल आणि वाहतुकीचा परवाना मागून घ्या. महाराष्ट्राचा दारूबंदी कायदा वेगळा आहे आणि बांद्याजवळ गाड्या तपासतात. परदेशातल्या नातेवाइकांसाठी चौरीस (डुकराच्या मांसाचं गोव्याचं सॉसेज) नेऊ नका, युरोपीय संघात बाहेरचे मांसाचे पदार्थ सामानातून नेता येत नाहीत. ऑस्ट्रेलियात खाद्यपदार्थ आणि लाकडी वस्तू विमानतळावर जाहीर कराव्या लागतात.

घरी गेल्यावर बिघडलं तर

काजू मऊ पडला तर मंद आचेवर कोरडा परता आणि गार झाल्यावरच डब्यात भरा. माडाचा गूळ पाझरायला लागला तर हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवा. डवली कोरडी पडून पांढुरकी दिसली तर खोबरेल तेलाचं बोट फिरवा. बेबिंका घट्ट झाला तर काप करून तव्यावर जरासा गरम करा.