गच्चीवरचा अँटेना आणि त्याची केबल: पावसाळ्यापूर्वी करावयाची उभारणी

स्कॅनरसोबत (अनेक वारंवारता एकामागून एक तपासून संदेश ऐकवणाऱ्या रेडिओसोबत) मिळणारा आखूड रबरी अँटेना खोलीत वापरला, की त्याच्यापर्यंत संदेशापेक्षा एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर आणि इन्व्हर्टर यांचा गोंगाटच अधिक पोहोचतो, आणि उरलासुरला संकेत भिंतींतले काँक्रीट व लोखंडी सळया अडवतात. अँटेना गच्चीवर नेल्यास या दोन्ही अडचणी बऱ्याच कमी होतात. मात्र त्याबरोबर एक नवी गोष्ट सांभाळावी लागते, ती म्हणजे गच्चीपासून खोलीपर्यंत उतरणारी केबल. आपल्या हवामानात अशी उभारणी बिघडते ती बहुतेक वेळा अँटेनामुळे नव्हे, तर केबलच्या सांध्यांत शिरलेल्या पाण्यामुळे, आणि म्हणून या लेखात अँटेनापेक्षा केबलला अधिक जागा दिली आहे.

हे मार्गदर्शन हौशी रेडिओचा परवाना असलेल्या श्रोत्यांसाठी आहे. आपल्याकडे बिनतारी यंत्र बाळगण्यास परवाना लागतो आणि पोलीस किंवा अन्य यंत्रणांचे संदेश चोरून ऐकणे हा गुन्हा ठरतो, त्यामुळे पुढील सर्व मापे हौशी केंद्रांसाठी असलेल्या १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ या पट्ट्याची, म्हणजे ज्याला आपण दोन मीटरचा पट्टा म्हणतो त्याची आहेत.

या पट्ट्यासाठी पाव तरंगलांबीचा उभा अँटेना घरी सहज तयार करता येतो. ३०० या संख्येला मेगाहर्ट्झमधील वारंवारतेने भागले, की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. १४५ मेगाहर्ट्झसाठी ती सुमारे २.०७ मीटर येते आणि तिचा चौथा भाग ५१ ते ५२ सेंटिमीटर भरतो. प्रत्यक्ष सळई यापेक्षा सुमारे पाच टक्के आखूड ठेवावी लागते, म्हणून उभी सळई ४९ सेंटिमीटरची घ्यावी. तीन-चार मिलिमीटर जाडीची पितळी सळई यासाठी उत्तम, कारण तिला डाख नीट लागतो आणि ती गंजत नाही. एसओ-२३९ जातीच्या चौकोनी सॉकेटच्या मधल्या टोकाला ही सळई डाखावी आणि सॉकेटच्या चार कोपऱ्यांतील छिद्रांना प्रत्येकी ५२ सेंटिमीटरच्या चार सळया नटबोल्टने आवळाव्यात. या चार सळया आडव्या न ठेवता खाली सुमारे ४५ अंशांत वाकवाव्यात. आडव्या ठेवल्यास अँटेनाचा रोध यंत्राला हव्या असलेल्या ५० ओहमपेक्षा बराच कमी राहतो, तर खाली झुकवल्यावर तो ५०च्या जवळ येतो. एकाच अँटेनावर अनेक पट्टे ऐकायचे असल्यास तयार डिस्कोन अँटेना घ्यावा. मात्र एकाच पट्ट्यासाठी त्याचा खर्च करण्याचे कारण नाही.

उंचीचा हिशेब सोपा आहे. अँटेनाच्या मीटरमधील उंचीच्या वर्गमुळाला ४.१ ने गुणले, की रेडिओ क्षितिजाचे अंतर किलोमीटरमध्ये मिळते. जमिनीपासून ९ मीटरवर हे अंतर सुमारे १२ किलोमीटर आणि १६ मीटरवर सुमारे १६ किलोमीटर येते. म्हणजे चार मजली इमारतीच्या गच्चीवर आणखी दोन मीटर उंच जाण्याने फारसे हाती लागत नाही, पण वाऱ्याचा जोर मात्र वाढतो. तेथे दीड इंची जीआय पाइप तीन मीटरचा घेऊन जिन्याच्या खोलीच्या भिंतीला दोन मजबूत क्लॅम्पने बांधावा. क्लॅम्पमधील अंतर निदान ७० सेंटिमीटर असावे. कठड्याच्या जुन्या विटांत बोल्ट मारू नयेत, कारण वादळात पाइपाबरोबर कठड्याचा तुकडाही खाली येऊ शकतो. याहून उंच पाइपाला तीन दिशांनी तणावे द्यावेत आणि ते नायलॉनच्या दोरीचे असल्यास दरवर्षी बदलावेत, कारण उन्हाने ती दोरी कुजते. कोकणात खाऱ्या वाऱ्यामुळे यू-बोल्ट आणि जुबली क्लिपा स्टेनलेस स्टीलच्याच घ्याव्यात.

या कामात एका नियमाला अपवाद नाही. पाइप कोणत्याही बाजूला आडवा पडला तरी त्याचे टोक विजेच्या तारांपर्यंत पोहोचता कामा नये. म्हणून तारांपासूनचे अंतर पाइप आणि अँटेना यांच्या एकूण उंचीच्या दीडपट तरी ठेवावे आणि पाइप उभा करताना सोबत एक माणूस अवश्य घ्यावा. सोसायटीची गच्ची असल्यास समितीची लेखी परवानगी आधीच घेतलेली बरी.

आता केबल. हौशी मंडळींच्या हाताशी बहुधा आरजी-५८ ही बारीक केबल असते आणि ती ५० ओहमची असल्याने योग्यच आहे, असे समजले जाते. तिची गळती मात्र मोठी आहे. १४५ मेगाहर्ट्झला दर शंभर मीटरमागे सुमारे २० डेसिबल (संकेताची घट मोजण्याचे एकक), म्हणजे २० मीटरच्या केबलीत ४ डेसिबल जातात आणि अँटेनाने पकडलेल्या शक्तीपैकी सुमारे ४० टक्केच यंत्रापर्यंत पोहोचते. ४५० मेगाहर्ट्झच्या आसपास तर त्याच २० मीटरमधून जेमतेम पाचवा हिस्सा उतरतो. याउलट डिश टीव्हीसाठी तालुक्याच्या गावीही मिळणारी आरजी-६ केबल ७५ ओहमची असली, तरी १४५ मेगाहर्ट्झला तिची गळती आरजी-५८ च्या निम्म्याहून कमी असते. ५० आणि ७५ ओहम यांच्या विजोडीने होणारे नुकसान एका जोडावर केवळ चार टक्के, म्हणजे ०.२ डेसिबलहूनही कमी आहे. त्यामुळे केवळ ऐकण्यासाठी आरजी-६ घेण्यात कसलाही कमीपणा नाही, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो. प्रक्षेपणही करायचे असेल, तर मात्र आरजी-२१३ किंवा एलएमआर-४०० यांसारखी जाड ५० ओहमची केबल घ्यावी.

आरजी-६ घेताना काळ्या आवरणाची घ्यावी, कारण पांढरे आवरण उन्हात लवकर तडकते. दुकानात एक टोक सोलून आतली जाळी पाहावी. ती विरळ असेल, तर घरातला गोंगाट केबलीतच शिरतो. अॅल्युमिनियमच्या जाळीला डाख लागत नाही, म्हणून या केबलला एफ कनेक्टर दाबयंत्रानेच बसवून घ्यावेत. केबल टीव्हीचे काम करणारा कारागीर ते काही मिनिटांत करतो. वरच्या टोकाला एफपासून पीएल-२५९ (एसओ-२३९ सॉकेटमध्ये बसणारा प्लग) आणि खालच्या टोकाला स्कॅनरच्या सॉकेटप्रमाणे बीएनसी किंवा एसएमए असे जोड लागतील. वाटेत तुकडा जोडू नये. गच्चीपासून यंत्रापर्यंत एकच अखंड केबल असावी आणि तिला सात-आठ सेंटिमीटरपेक्षा लहान त्रिज्येचे वळण देऊ नये.

सांध्यांविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण माझी पहिली केबल येथेच गेली. वरचा सांधा मी साध्या विजेच्या काळ्या टेपने गुंडाळला होता. दोन पावसाळ्यांनंतर केबल कापली, तेव्हा टोकापासून मीटरभर आतपर्यंत पाणी होते आणि चकाकणाऱ्या पत्र्याची पांढरी भुकटी झाली होती. पाणी जाळीच्या धाग्यांमधून खाली झिरपत जाते आणि एकदा शिरल्यावर ते वाळत नाही. म्हणून सांधा घट्ट आवळून त्यावर ताणल्यावर स्वतःलाच चिकटणारी रबरी टेप दुप्पट लांबीपर्यंत ताणून, खालून वर अशी निम्म्या पट्टीवर पट्टी चढवत गुंडाळावी, म्हणजे तिचे पदर कौलांसारखे पाणी खाली टाकतात. रबर उन्हाने खराब होते, म्हणून त्यावर चांगल्या प्लॅस्टिक टेपचा थर त्याच दिशेने द्यावा. सॉकेटच्या वरच्या बाजूला, सळईच्या मुळाशी, न्यूट्रल सिलिकॉन सीलंट भरावे. व्हिनेगरसारखा वास येणारे सीलंट धातूला खाते, ते टाळावे.

केबल पाइपाला काळ्या केबल टायने दर ५० सेंटिमीटरवर बांधावी. संक्रांतीच्या सुमारास अडकणारा मांजा आणि कोकणातली माकडे लोंबणारी केबल लवकर तोडतात. भिंतीतले छिद्र बाहेरच्या बाजूला उतरते पाडावे आणि केबल आत शिरण्यापूर्वी तिला छिद्राच्या खाली हातभर झोळ द्यावा, म्हणजे केबलवरून ओघळणारे पाणी झोळाच्या तळाशी गळून पडते आणि घरात येत नाही.

विजेपासूनचे संरक्षण यानंतर येते. पाइपाला किमान १६ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची तार जोडून ती शक्य तितकी सरळ, तीव्र वळणे न देता खाली आणावी आणि इमारतीच्या अर्थिंगशी परवानाधारक वायरमनकडूनच जोडून घ्यावी. वेगळी सळई ठोकल्यास तीही घराच्या अर्थिंगशी जोडलेली असली पाहिजे. घरात शिरण्याच्या जागी केबलला वायूनळीचा तडितरोधक (विजेचा लोंढा जमिनीकडे वळवणारे उपकरण) बसवून तोही याच अर्थिंगला जोडावा. इतके करूनही थेट वीज पडल्यास यंत्र वाचेल, असे कोणी सांगू शकत नाही. एप्रिल-मे महिन्यांतील वळवाच्या आणि परतीच्या पावसाच्या दिवसांत ऐकणे थांबवताच केबल यंत्रापासून सोडवून ठेवावी. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे दामिनी हे ॲप विजेची पूर्वसूचना देते, ते मोबाइलवर ठेवावे. आभाळात गडगडाट सुरू झाल्यावर केबलला हात लावू नये.

यंत्र जोडण्यापूर्वी मल्टिमीटरने दोन मोजणी कराव्यात. अँटेना सोडलेल्या केबलच्या दूरच्या टोकाला मधली तार आणि जाळी तारेने जोडली, की रोध काही ओहमच दिसला पाहिजे, आणि तार काढली की तो अनंत व्हावा. तसे न होता काही किलोओहम किंवा मेगाओहम दिसल्यास कोठेतरी ओल आहे. दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहून ठेवावेत.

उंचीवर गेल्यावर काही ठिकाणी उलटाच त्रास सुरू होतो. पुण्यात सिंहगडावरचे प्रक्षेपण मनोरे गच्चीवरून सरळ दिसत असतील, तर ८८ ते १०८ मेगाहर्ट्झवरील एफएम केंद्रांचा जोर स्कॅनरला दाबून टाकू शकतो आणि भलत्याच वारंवारतेवर गाणी ऐकू येतात. अशा वेळी एफएम रोखणारा फिल्टर यंत्राच्या तोंडाशी लावावा. प्रवर्धक (ॲम्प्लिफायर) घेण्याची घाई करू नये. तो खोलीत लावल्यास केबलीत हरवलेला संकेत परत येत नाही, त्याबरोबरचा गोंगाटच मोठा होतो.

शेवटी चाचणीसाठी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक १४५.८०० मेगाहर्ट्झवर प्रक्षेपण करीत असेल, असा दिवस निवडावा. स्थानक क्षितिजावर येताना संकेत सुमारे साडेतीन किलोहर्ट्झ वर आणि मावळताना तितकाच खाली सरकलेला आढळतो. ते क्षितिजापासून किती अंशांवर असताना पहिला आवाज उमटला, हे त्या वहीत लिहावे, आणि ऑक्टोबरमध्ये पाऊस संपल्यावर हीच नोंद व मल्टिमीटरची मोजणी पुन्हा करून जुन्या आकड्यांशी ताडून पाहावी.